शाळेच्या निधीच्या नोंदी: मुलींचं स्वच्छतागृह आणि पाणी, २०२४-२५

२२ जून २०२४

शाळा १५ जूनला सुरू झाली, आठवडा झाला, आज ही वही काढली. कारण एक गोष्ट डोक्यातून जाईना. सातवीतल्या एका पोरीची पाण्याची बाटली मी तीन दिवस बघतेय, सकाळी गळ्यापर्यंत भरलेली आणि शाळा सुटताना पण तेवढीच भरलेली. आज तिला जवळ घेऊन विचारलं तर हळूच म्हणली, "मॅडम, पाणी पिलं की जावं लागतंय." बस, एवढंच बोलली.

आमच्याकडं मुलींचं स्वच्छतागृह आहे, कागदावर पण आहे आणि मैदानाच्या कोपऱ्यात पण आहे, पण दाराची खालची फळी सडलेली, आतली कडी निघालेली, पाणी तर नाहीच, आणि खड्डा भरून वर आलेला. पट १४२, त्यातल्या मुली ७३. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात मुलामुलींना वेगळं स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी हे शाळेच्या निकषातच लिहिलेलं आहे, म्हणजे आपण काही जास्तीचं मागत नाही.

गावातला गवंडी आणि ओळखीचा एक इंजिनियर दोघांना बोलावून मोजमाप करून घेतलं. नवीन शोषखड्डा, पाइपलाइन, फरशी, दारं, हजार लिटरची टाकी, मोटर, सहा नळांचा हात धुवायचा ओटा, सगळं धरून २ लाख १० हजार. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान १०१ ते २५० पटाला वर्षाचं ५० हजार बसतं, त्यातच लाईट बिल, खडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती, आणि ते पण एकदम हातात येत नाही. त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचेच असतात. हेडसर म्हणले ओढूनताणून १५ हजार काढू. उरलेले आपल्यालाच उभे करायचेत.

४ जुलै २०२४

शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग. समितीत पाऊण लोक पालक असतात आणि निम्म्या बायका लागतात, आमच्याकडं बायका सहीपुरत्या यायच्या, यावेळी मी घरोघरी जाऊन सांगून आले होते की विषय मुलींच्या संडासचा आहे, तर सगळ्या आल्या आणि बोलल्या पण.

पैसे कसे जमवायचे यावर ज्यानं त्यानं आपापलं सांगितलं. एकानं लकी ड्रॉ सुचवला, ५० रुपयाचं तिकीट, पहिलं बक्षीस सायकल. मी सांगितलं दादा, सरकारच्या परवानगीशिवाय लॉटरी काढणं गुन्हा आहे, बक्षीस सायकलचं असू द्या नाहीतर कुकरचं. शाळेनं तर त्या वाटेला जायलाच नको. तो विषय तिथंच संपला.

दुसऱ्यानं कुपनाचं काढलं, लेकरांच्या हातात कुपन पुस्तक द्यायचं आणि दहा-दहा रुपयाला विकून आणायला सांगायचं. यावर मी जरा तापले आणि तापले ते बरंच झालं. आधीच्या एका शाळेत असताना एक विक्रेता असाच आला होता, जादूच्या प्रयोगाची तिकिटं मुलांनी विकायची, शाळेला २० टक्के. चौथीतल्या एका पोराकडून विकलेल्या तिकिटांचे १४० रुपये कुठंतरी पडले, तो चार दिवस शाळेतच आला नाही. घरी गेले तर बाजेखाली लपलेला. बाप रोजंदारीवर जाणारा, त्यानं पैसे माझ्यापुढं ठेवले आणि मला ते घ्यावे का नको हेच कळेना. घेतले नाहीत. पण त्या पोराचं तोंड अजून डोळ्यापुढून जात नाही.

म्हणून आज ठरावात लिहूनच घेतलं. लेकरांनी कुणापुढं हात पसरायचा नाही, काही विकायला दारोदार जायचं नाही. पालकांवर सक्ती नाही, आपल्या शाळेचं शिक्षण फुकट आहे ते तसंच राहिलं पाहिजे. कुणी दिलं नाही म्हणून वर्गात त्याच्या लेकराला एक शब्द बोलायचा नाही. पैसे फक्त समितीच्या बँक खात्यात, जिथं अध्यक्ष आणि हेडसर दोघांच्या सह्या लागतात, कुणाच्याही वैयक्तिक फोन पे वर नाही. आणि प्रत्येक रुपयाची पावती.

१३ जुलै २०२४

पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांशी बोलायला हेडसर आणि मी गेलो. तात्या म्हणले, "सप्त्याला पट्टी धरतावच की, मग साळंला धरायला काय झालं?" सप्ताह आमच्याकडं दरवर्षी होतो आणि खरंच सांगते एवढा चोख वसुलीचा कारभार कुठल्या बँकेचा नसेल, एकरी किती, उंबऱ्यामागं किती, सगळं वहीत, शेवटच्या दिवशी काल्याच्या आधी मंडपात हिशोब वाचून दाखवतात. ते वाचून दाखवणं मला फार आवडतं. ते आपण उचलायचंच.

पण पट्टी नको असंच माझं मत पडलं आणि समितीतल्या बायकांचं पण. एकरी धरली तर जमीनवाले म्हणणार आमची लेकरं तर तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला जातात, उंबऱ्यामागं धरली तर मजुराला आणि वीस एकरवाल्याला सारखीच. आणि पट्टी म्हणली की ती न देणाऱ्याचं नाव गावभर होतं. शिवाय जुलै हा महिनाच चुकीचा, पेरणी आत्ता झालेली, बियाणं-खताची उधारी डोक्यावर, कुणाच्या खिशात काय असणार. सोयाबीन घरात येईपर्यंत गावात पैसा फिरत नाही. त्यामुळं मोठी मागणी दिवाळीच्या आसपास, तोवर तयारी.

१५ ऑगस्ट २०२४

झेंडावंदनानंतर अध्यक्षांनी माईकवर सगळं सांगितलं, काय करायचंय, किती लागणार. व्हरांड्यातल्या फळ्याचा अर्धा भाग ऑईलपेंटने आखून घेतला, डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च, रोज शाळा भरताना सातवीचं एक लेकरू आकडे अपडेट करणार. फळ्यावर नावं लिहायची नाहीत, फक्त तारीख, पावती नंबर आणि रक्कम. यावर बरीच चर्चा झाली कारण लोकांना नाव वाचायला आवडतं, पण मग १०० देणाऱ्याला संकोच वाटतो आणि तो १०० पण देत नाही. ज्याला नाव बघायचंय त्यानं पावती पुस्तक बघावं, ते ऑफिसात कायम उघडं आहे.

पहिली पावती गावातल्या एका रिटायर फौजींनी फाडली, ५,००१. मग दोनशे-पाचशे करत आणखी २,१५०. पहिल्याच दिवशी ७,१५१. लगेच दुपारी ग्रामसभा होती, तिथं खड्डा आणि पाइपलाइनचा ठराव पण घेतला.

३० ऑगस्ट २०२४

ग्रामसेवकांकडं तिसऱ्यांदा जाऊन आले. हे सगळ्या शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे म्हणून नीट लिहिते. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे ग्रामपंचायतीला येतात, त्यातले ६० टक्के बंधित असतात, म्हणजे ३० टक्के पिण्याचं पाणी वगैरेवर आणि ३० टक्के स्वच्छतेवरच खर्च करायला लागतात. शाळेचा शोषखड्डा आणि पाण्याची लाईन त्यात बसते. आराखड्यात नाव पाहिजे आणि ग्रामसभेचा ठराव पाहिजे. ठराव होताच, त्यामुळं ६२ हजाराचं काम ग्रामपंचायत स्वतः करणार असं आज कागदावर आलं. शाळेच्या हातात पैसे येणार नाहीत, काम होऊन मिळेल, आणि मला तेच बरं वाटतं.

म्हणजे आता २ लाख १० हजारातून ६२ गेले, उरले १ लाख ४८. लोकांकडं मागायच्या आधी जे सरकारी आहे ते शोधून काढलं पाहिजे, नाहीतर जो पैसा आपल्या हक्काचा पडून आहे त्याच्यासाठी मजुराच्या खिशात हात घातल्यासारखं होतं.

१७ सप्टेंबर २०२४

सकाळी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, संध्याकाळी गणपती विसर्जन, दोन्ही एकाच दिवशी आलं. मंडळाच्या पोरांनी सकाळीच येऊन शिल्लक वर्गणीतले ३,६०० दिले, मी मागितलेले नव्हते.

झेंड्यानंतर तात्यांनी लेकरांना निजामाच्या काळातलं सांगितलं. मराठी शाळा काढणं किती अवघड होतं, तरी हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा लोकांनी चालवली आणि स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक होते. त्यावरून मी वर्गात कर्मवीर भाऊराव पाटलांचं सांगितलं, बोर्डिंगमधल्या लेकरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं ते. पाचवीतली एक पोरगी म्हणली मग त्यांना परत कुणी करून दिलं का? मला उत्तर देता आलं नाही.

९ ऑक्टोबर २०२४

कंपनीकडून सीएसआर मिळतं का बघून झालं. कंपनी कायद्यात २०१३ पासून आहे की ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजाच्या कामाला द्यायचे. नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त संपत्ती ५०० कोटी, यातलं एक जरी असलं तरी लागू. ज्यांच्याशी बोलले ते चांगलं बोलले, पण त्यांचे पैसे ज्या संस्थेमार्फत खर्च होतात तिची सीएसआर-१ नोंदणी लागते, आमच्या समितीची ती नाही, आणि एवढं छोटं काम ते स्वतः येऊन करणार नाहीत. दहा-वीस शाळांचा मिळून आमच्या शाळांच्या केंद्रानं प्रस्ताव दिला तर जमेल असं म्हणले. केंद्रप्रमुखांच्या कानावर घातलंय, ते पुढच्या वर्षीचं काम.

१८ ऑक्टोबर २०२४

विधानसभेची आचारसंहिता लागली. आम्हा सगळ्यांना निवडणुकीच्या ट्रेनिंगचे आदेश. पंचायतीचं काम पण थांबलं. सोयाबीनची मळणी जोरात आहे, गावात दिवसा माणूस दिसत नाही.

५ नोव्हेंबर २०२४

काल माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. भाऊबीज ३ तारखेची होती, पुण्या-मुंबईची पोरं गावातच होती म्हणून ४ तारीख धरली. आचारसंहिता चालू म्हणून कुठल्याच पुढाऱ्याला बोलावलं नाही आणि त्यामुळं कार्यक्रम दीड तासात आटोपला, भाषणं कमी, बोलणं जास्त.

पोरांचा व्हॉट्सॅप ग्रुप आधीपासून आहे, त्यावर अंदाजपत्रक, फोटो, ग्रामपंचायतीचा ठराव सगळं टाकलं होतं. एकानं विचारलं ८०जी ची, म्हणजे आयकरात सूट मिळणारी, पावती मिळेल का. खरं ते सांगितलं, त्याला संस्थेची तशी नोंदणी लागते, आमच्या समितीकडं नाही, आणि २,००० च्या वर रोख दिलं तर तशी पण सूट मिळत नाही. तरी त्यानं ट्रान्सफर केले. अमेरिकेतल्या एकाने लिहिलं की तिकडं शाळेत पालक घरून केक करून आणून विकतात, किंवा लेकरं मैदानाला फेऱ्या मारतात आणि नातेवाईक फेरीमागं पैसे देतात. फेऱ्यांची कल्पना मला आवडली, पण ज्याचा मामा पुण्यात नोकरीला त्याच्या फेरीला ५० आणि ज्याचा मामा ऊसतोडीला त्याच्या फेरीला काय? ती ठेवून दिली. मोठ्यांनी पळावं, लेकरांनी टाळ्या वाजवाव्या, असं कधीतरी करू. पोरांकडून एकूण ४१,५०० जमले, शाळेनं आजवर एवढं एकदम कधी बघितलं नव्हतं.

पण मला लिहायचंय ते दुसरंच. ग्रुपमध्ये सगळी पोरंच, मुली एकसुद्धा नाही. ज्या मुली या शाळेत शिकल्या त्या लग्न होऊन औशाला, निलंग्याला, उदगीरला, कुठं कुठं गेल्या, त्यांचे नंबर कुणाकडं नाहीत. आणि काम तर मुलींचं. म्हणून भाऊबीजेला माहेरी आलेल्या बायकांना गाठायला समितीतल्या दोघी आणि मी दोन दिवस गल्लीगल्ली फिरलो. मागायला म्हणून गेलोच नाही, मेळाव्याला या एवढंच सांगायला गेलो.

एका घरी अंगणात चार बहिणी बसलेल्या. शाळेच्या संडासचा विषय काढला आणि चौघी एकदम बोलायला लागल्या. त्यांच्या वेळी काहीच नव्हतं, शाळेच्या मागं घाणेरीच्या झुडपात जायचं, एकीनं जायचं आणि दोघींनी पाठ करून उभं राहायचं, पावसाळ्यात तिथं साप निघाला तेव्हापासून थोरलीनं दिवसभर दाबून धरायची सवय लावली, आणि आठवीला शाळा सोडली ती याच्यामुळंच असं ती पहिल्यांदा बोलली. तिची आई तिथंच बसली होती. आई म्हणली, "मला कदी सांगितलंच नाही की गं." थोरली काही बोलली नाही, उठून आत गेली आणि ओवाळणीचं पाकीट घेऊन आली. पाकीट फोडलेलं पण नव्हतं. आत ५०० होते. मी म्हणलं ताई, हे भावानं तुला दिलंय. ती म्हणली, "माजंच हाय ना? मग मी देतेय."

मग हे गावात पसरलं, कसं कुणास ठाऊक. मेळाव्याला सत्तावीस लेकी आल्या, काहींच्या कडेवर लेकरं, मागच्या ओळीत बसल्या होत्या, त्यांना हेडसरांनी उठवून पुढं बसवलं. ओवाळणीतून कुणी ५०, कुणी २००, कुणी ५००. एकूण ९,७५०. फळ्यावर आज तो आकडा वेगळ्या ओळीत लिहिला, "लेकींची ओवाळणी" म्हणून. सत्तावीस जणींचे नंबर घेतलेत, त्यांचा ग्रुप पण सुरू झाला.

एकूण जमा ६२,००१.

२७ नोव्हेंबर २०२४

निवडणूक झाली, निकाल लागला, आता सोयाबीन. यंदाचा हमीभाव ४,८९२ आहे पण बाजारात भाव त्याच्या बराच खाली, लोक वैतागलेले, निम्म्यांनी माल घरातच ठेवलाय भाव वाढायची वाट बघत. अशात पैसे मागण्यापेक्षा धान्य मागणं सोपं जातं हे अध्यक्षांचं म्हणणं होतं आणि ते बरोबर निघालं. नोटा मोजून द्यायला माणूस कचरतो, पण पोत्यातनं पायलीभर काढून द्यायला त्याचा हात आखडत नाही. तीन दिवस समितीचे लोक टेम्पो घेऊन फिरले, लेकरं नाहीत, फक्त मोठी माणसं. मैदानात ताडपत्री अंथरून सगळ्यांसमोर काटा लावला. ६ क्विंटल ४० किलो भरलं. लातूरच्या आडतीत ४,१५० ने गेलं, २६,५६० झाले, हमाली-तोलाई ४२० वजा जाऊन २६,१४०. आडतीची पट्टी फळ्याशेजारी चिकटवलीय.

तिसऱ्या दिवशी टेम्पो निघताना एक मावशी आल्या, शेत नाही, मजुरीला जातात, त्यांची नात आमच्या दुसरीत. पदराखाली स्टीलचा डबा. काढणी झालेल्या रानातनं सरवा वेचलेला, त्यातलं सोयाबीन, त्यात मातीचे बारीक खडे आणि दोन-चार काड्या पण होत्या. माझ्यापुढंच ताडपत्रीच्या कडेला बसून त्यांनी ते सुपात घोळलं, खडे काढले, मग काट्यावर ओतलं. १ किलो ९०० ग्रॅम. काट्यावरचा गडी म्हणला दोन किलो लिवतो मावशी, तर म्हणल्या, "नगं, भरलं तेवडंच लिव्ह." पावतीवर १ किलो ९०० लिहिलं.

२१ डिसेंबर २०२४

काल आनंद मेळावा झाला. हल्ली सगळ्याच शाळा घेतात, लेकरांनी स्टॉल लावायचे, गावानं येऊन खायचं. मी याला निधीत धरू नये असंच म्हणेन. गेल्या वर्षी ज्यांच्या घरी ऐपत त्यांचेच स्टॉल होते आणि बाकीची लेकरं दिवसभर दुसऱ्याच्या स्टॉलकडं बघत उभी होती. यंदा स्टॉल एकट्याचा नाही, पाच जणांचा गट, चिठ्ठ्या टाकून केलेला, आणि प्रत्येक गटाला समितीकडून २०० रुपये भांडवल उसनं. संध्याकाळी २०० परत करायचे, वरचा नफा लेकरांचा. भजी, उसळ, गुळाची पोळी, लिंबू सरबत, मसाला ताक. भेळवाल्या गटाचे मुरमुरे दुपारपर्यंत मऊ पडले, ३५ रुपये तोटा, पाचही जणांची तोंडं उतरली, मग त्यांनी खरेदी-विक्री-तोटा वहीत मांडून आणलं आणि आजच्या गणिताच्या तासाला सगळ्या वर्गानं तेच उदाहरण सोडवलं. त्यांचे ३५ समितीनं सोडून दिले.

दाराशी एक डबा ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्यानं टाकले ते ३,२४०. जमा ९१,३८१.

३० डिसेंबर २०२४

आज येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, शाळेला सुट्टी, गाव सगळं रानात. आम्हा शिक्षकांना एका पालकानं कोपीवर बोलावलं होतं. आंबील, भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी, पोट फुटेस्तोवर. जेवताना टाकीचा विषय निघाला तर म्हणले विहिरीवरची एक एचपीची मोटर बदललीय, जुनी चालू आहे, घेऊन जा. घरी जाताना ट्रॅक्टरमध्ये टाकूनच दिली. अंदाजपत्रकात मोटरीचे ६,५०० होते, ते वाचले.

१९ जानेवारी २०२५

संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा शाळेत ठेवलं. कल्पना समितीतल्या काकूंची. दरवर्षी प्रत्येक बाई वाण म्हणून दहा-वीस रुपयाच्या प्लास्टिकच्या डब्या वाटते, त्या कुणाच्याच उपयोगाच्या नसतात, त्याऐवजी वाण शाळेला. कुणी साबण, कुणी फिनाईल, कुणी पॅडची पाकिटं आणली, रोख २,८६०. नवरा नसलेल्या बायकांना पण कुंकू लावलं, काकूंनी स्वतः पुढं होऊन लावलं. दोघीतिघी आधी मागं सरल्या, मग बसल्या. जमा ९४,२४१.

पंचायतीचा खड्डा खोदून झाला, आठवड्यात पाइप पडेल.

२७ जानेवारी २०२५

परवा संध्याकाळी गॅदरिंग. गावाकडच्या गॅदरिंगमध्ये पैसे जमतात ते बक्षिसातून, लेकरू नाचत असतं आणि बाप, मामा, चुलता माईकपाशी येऊन ५० म्हणतो, १०१ म्हणतो. याचं दुखणं सगळ्या शिक्षकांना माहीत आहे, एकाच पोरीच्या नावानं वीस वेळा पुकारा आणि तिच्या शेजारी नाचणाऱ्या पोरीच्या नावानं एकदा पण नाही, ती नाचता नाचता माईककडं बघत राहते. यावेळी आधीच जाहीर केलं की पुकारा गाण्याच्या नावानं होईल, लेकराच्या नाही, आणि पैसे संडासच्या कामाला. दोन-चार जण नाराज झाले. तरी पुकारलेले २३,४०० झाले. प्रत्यक्षात आले १८,९००. उरलेल्यांना मी तगादा लावणार नाही, माईकपुढं माणूस भरात येऊन बोलतो, सकाळी घरात बघतो. पण फळ्यावर आलेलाच आकडा लिहायचा, पुकारलेला नाही.

जमा १,१३,१४१. अनुदानातले १५,००० धरून १,२८,१४१. कमी पडतंय म्हणून आम्ही सहा शिक्षकांनी दोन-दोन हजार टाकले. १,४०,१४१. बस झालं, काम सुरू करू.

१९ फेब्रुवारी २०२५

काम सुरू होऊन नऊ दिवस झाले. आज शिवजयंतीची मिरवणूक लेकरांनी त्या विटांच्या ढिगाला वळसा घालूनच काढली. फरशी दुकानदारानं शेवटच्या लॉटमधली कमी भावात दिली, तीन रंगांची आहे, चालतंय.

दारं बसली आणि मी पहिलीच्या चार पोरींना आत जाऊन कडी लावून बघा म्हणलं. एकीचाही हात पोचेना. मिस्त्रीनं कडी आपल्या हाताच्या उंचीला लावलेली, त्याची चूक नाही, कुणीच त्याला सांगितलं नव्हतं. त्यानं तिथंच त्यातल्या सगळ्यात बारक्या पोरीला दारापाशी उभं केलं, तिनं हात सरळ पुढं केला, त्यानं पेन्सिलनं खूण केली आणि तिथं दुसरी कडी ठोकली. आता प्रत्येक दाराला दोन कड्या आहेत. आत एक खुंटी दप्तराला, एक कोनाडा पॅडला, झाकणाची बादली. कोनाडा अंदाजपत्रकात नव्हता, तो लेकींच्या ग्रुपवरनं आला, बारा जणींनी वेगवेगळ्या शब्दांत तेच लिहिलं होतं.

८ मार्च २०२५

सुरू झालं. फीत वगैरे काही कापली नाही. सकाळी टाकी भरली, नळ सोडले, पोरी रांगेनं येऊन हात धुवून गेल्या, विनाकारण दोन-दोनदा. काळपट फेस खाली वाहत होता तो बघत बसले होते थोडा वेळ. सातवीच्या त्या पोरीनं दुपारी बाटली नळाखाली धरली, परत भरून घेतली.

२९ मार्च २०२५

उद्या पाडवा, पहिलीचे प्रवेश, म्हणून आजच हिशोब वाचला. सप्त्याच्या हिशोबासारखाच, मैदानात, माईकवर, एक एक पावती. जमा १,४०,१४१, खर्च १,३६,४८०, शिल्लक ३,६६१. मावशींचं १ किलो ९०० पण वाचलं.

मग खरा प्रश्न आला, साफ कोण करणार. लेकरांकडनं करून घ्यायचं नाही हे सगळ्यांना मान्य, आणि कुठल्या एका वस्तीतल्या माणसावर ते आपोआप पडायला नको हे पण मी उभं राहून बोलले. ज्याला काम पाहिजे त्याला नीट पगार देऊन ठेवायचं. महिना १,२०० ठरले, पंचायतीनं हातमोजे आणि ब्रश द्यायचे. शिल्लक तीन महिने पुरेल, एप्रिल, मग उन्हाळ्याची सुट्टी सोडून जून आणि जुलै. ऑगस्टपासून काय? लेकींच्या ग्रुपवर विचारलं तर थोरलीचा मेसेज आला, राखीला येतेय, तेव्हाची ओवाळणी ठेवते. खाली एकवीस जणींनी हात जोडलेत.

पावती पुस्तक नंबर दोन सोमवारी छापायला टाकायचं आहे.